‘आम्ही’ आणि ‘आपण’ : भारतीय क्रिकेट संघाच्या इतिहासाकडे पुन्हा एकदा बघताना



या व्याख्यानमालेत आम्ही आजवर चार्वाकापासून स्पिनोझापर्यंत बरंच काही बोललो. त्यामुळे आज क्रिकेटवर बोलायचं आहे असं सांगितलं, तेव्हा संयोजकांचा चेहरा जरा पडला. सर आता दमले, असं त्यांना वाटलं असावं. तसं नाही. उलट तत्त्वज्ञानातला एक जुना, अवघड प्रश्न भिवंडीच्या कुठल्याही नाक्यावर, चहाच्या टपरीवर, रोज विचारला न जाता सोडवला जातो, हे लक्षात आलं म्हणून हा विषय घेतला.

प्रश्न असा. सामना संपतो, फटाके वाजतात आणि लोक म्हणतात, ‘आपण जिंकलो.’ आता यातला ‘आपण’ म्हणजे कोण? मैदानावर तर अकराच जण होते. आपण चहा पीत होतो.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला चाललो’ म्हटलं, की तो चप्पल पायात घालतो. ‘आम्ही’मध्ये समोरचा माणूस धरलेला नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ही व्याकरणातली साधी गोष्ट आहे. पण आमचं म्हणणं असं, की भारतीय क्रिकेट संघाचा सगळा इतिहास म्हणजे ‘आम्ही’चा ‘आपण’ होण्याचा इतिहास आहे. तो पूर्ण झालाय का, हे आज तपासायचं आहे.

नेहमीची गोष्ट आणि तिच्यातली खोट

आधी नेहमीची गोष्ट काय आहे ते बघू. शाळेतल्या पोरालाही ती पाठ असते. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी. १९५२ साली मद्रासला पहिला विजय. १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरी जाऊन हरवलं. १९८३ साली विश्वचषक. मग २००७, २०११, २०२४. ही एक जिनाच आहे, पायरीवर पायरी. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दूरदर्शनवरचे कार्यक्रम, आता मोबाइलवरच्या चित्रफिती, सगळे याच जिन्यानं वर चढतात.

या गोष्टीतल्या तारखा खऱ्या आहेत. खोट आहे ती मांडणीत. ही गोष्ट असं धरून चालते की ‘भारतीय संघ’ नावाची वस्तू आधीपासून कुठे तरी होती आणि ती फक्त जिंकायला शिकत गेली. बाळ होतं, रांगलं, चाललं, धावलं, असं. पण ते बाळ कुणाचं, ते कुणी ठरवलं, घरात कुणाला येऊ दिलं आणि कुणाला अंगणातच थांबवलं, हे या गोष्टीत येत नाही.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही ना? मग रथ कुठे आहे? संघाचंही तसंच आहे. खेळाडू बदलतात, कर्णधार बदलतो, मंडळ बदलतं, देशाची सीमासुद्धा बदलते. तरी आपण म्हणतो, हा तोच संघ. तो ‘तोच’ कशामुळे राहतो? आमचं उत्तर असं आहे की त्याला आपला म्हणणाऱ्या माणसांमुळे. म्हणून संघाची वाढ मोजायची असेल, तर चषक मोजून पुरणार नाही. ‘आपला’ म्हणणारे कोण कोण झाले आणि संघानं कुणाकुणाला आपलं मानलं, हेही मोजावं लागेल.

धर्मवार संघ

आता मागे जाऊ. १८४८ साली मुंबईत पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला. १८९० साली त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं. म्हणजे १९३२ च्या चाळीसेक वर्षं आधी हिंदुस्थानातली माणसं साहेबाला त्याच्याच खेळात हरवत होती. पण तेव्हा ‘आपण जिंकलो’ कुणी म्हटलं असेल? पारशी म्हणाले असतील, ‘आम्ही जिंकलो.’

पुढे १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ साली हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम आले, चौरंगी झाली. १९३७ साली पाचवा संघ आला, पंचरंगी झाली. त्या पाचव्या संघाचं नाव लक्षात ठेवा. त्याचं नाव होतं ‘द रेस्ट’. म्हणजे ‘इतर’. ख्रिस्ती, ज्यू वगैरे जे कुठल्याच खणात बसत नव्हते, ते सगळे ‘इतर’.

१९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ मध्ये गारद. फॉलोऑन मिळाल्यावर त्यांनी ३८७ केल्या, आणि त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. दुसऱ्या बाजूला बराच वेळ त्यांचे भाऊ विवेक उभे होते, त्यांच्या धावा २१. सांगलीत जन्मलेले हजारे धर्मानं ख्रिस्ती. म्हणून ते ‘इतर’. या ‘इतर’ माणसानंच नऊ वर्षांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. कर्णधार म्हणून. त्या सामन्यात विनू मांकडांनी १२ बळी घेतले, ते आपल्याला पाठ असतं. कर्णधार एके काळी ‘इतर’ होता, हे पाठ नसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या धर्मवार सामन्यांना मुंबईत तुफान गर्दी व्हायची. खेळाचा दर्जाही उत्तम होता. बाजूनं बोलणारे म्हणत की मैदानावरच्या चुरशीमुळे बाहेर वैर होत नाही, उलट एकमेकांच्या खेळाची कदर होते. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेली, तेव्हा गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध केला. तरीही ही स्पर्धा आणखी काही वर्षं चालली आणि १९४६ च्या सुरुवातीला थांबली. प्रेक्षकांना ती हवी होती. म्हणजे ‘आम्ही’ ही गोष्ट कुणी वरून लादलेली नव्हती, तिच्यात मजाही होती. हे मान्य केलं नाही, तर ती आज परत का येते हेही कळणार नाही.

बाळूंची गोष्ट आपण कशी सांगतो

आता पालवणकर बाळूंकडे येऊ. ही गोष्ट हल्ली बऱ्याच जणांना माहीत झाली आहे, ते चांगलंच आहे. चांभार समाजातला मुलगा. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी लाटायची, जाळी लावायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे काम. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला त्यांनी तासन् तास डावखुरी फिरकी टाकली. फलंदाजी मात्र करायला मिळत नसे. पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर चेंडू एकच, सगळे त्याला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. इतकं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० साली त्यांना वगळून दि. ब. देवधरांकडे नेतृत्व गेलं, तेव्हा बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. देवधर मोठे फलंदाज होते, संस्कृतचे प्राध्यापक होते, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण प्रश्न देवधर लायक होते का, हा नव्हता. बाळू लायक असूनही का नाहीत, हा होता. शेवटी १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे विठ्ठल पालवणकरांचं मराठी आत्मकथन आहे. ते मिळवून जरूर वाचा.

आमची टीका बाळूंच्या गोष्टीवर नाही, ती आपण ज्या पद्धतीनं सांगतो त्यावर आहे. आपण ती अशी सांगतो : पूर्वी वाईट होतं, मग खेळानं भेद मिटवले, आता छान आहे. ‘लगान’ चित्रपट आठवा. त्यातला कचरा हा अस्पृश्य गोलंदाज. त्याचा हात अधू आहे, म्हणून चेंडू आपोआप वळतो. टाळ्या पडतात. पण नीट विचार करा. त्यात त्याची कला कुठे आहे? देवानं दिलेला अपघात तो. बाळूंचा चेंडू असा वळत नव्हता. उन्हात, कुणी बघत नसताना, वर्षानुवर्षं टाकलेल्या हजारो चेंडूंचं ते फळ होतं. खालच्या मानलेल्या माणसाकडे दैवी देणगी आहे असं म्हणणं आपल्याला सोपं जातं. त्याच्याकडे ज्ञान आहे, शिस्त आहे, नेतृत्वाची बुद्धी आहे, असं म्हणणं जड जातं. चेंडू टाकायला बाळू चालत होते. क्षेत्ररक्षण लावायला चालत नव्हते. कारण क्षेत्ररक्षण लावणं म्हणजे दुसऱ्यांना सांगणं, ‘तू इथे उभा राहा.’

आणखी एक. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. आंबेडकर जिंकले. माणसाचं आयुष्य आपल्या सोयीच्या गोष्टीत बसत नाही, ते असं.

१९३२ : दोन ‘आपण’

आता लॉर्ड्स. २५ जून १९३२. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज. ते संस्थानिक म्हणून गेले. कसोटीत मात्र नेतृत्व सी. के. नायडूंनी केलं. नायडू नागपूरचे. पहिल्या सकाळी महंमद निसार आणि अमर सिंग यांच्या माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती. भारतासाठी कसोटीतला पहिला चेंडू खेळले ते जनार्दन नवले, आपले मराठी यष्टिरक्षक. सामना १५८ धावांनी गेला. पण त्या अकरा जणांत हिंदू होते, मुस्लिम होते, पारशी होते, लाल सिंग शीख होते. मुंबईत धर्मवार खेळणारे लॉर्ड्सवर एक झाले होते.

पण तेव्हाच, तिकडे मुंबईत, हिंदू जिमखान्यानं नेत्यांना तुरुंगात टाकल्याच्या निषेधार्थ या दौऱ्याच्या निवडीवर बहिष्कार घातला होता. विजय मर्चंट, एल. पी. जय गेले नाहीत. म्हणजे बघा, एक ‘आपण’ लॉर्ड्सवर खेळत होता आणि दुसरा ‘आपण’ न खेळून घरी बसला होता. राष्ट्रीय कोण? जो गेला तो, की जो गेला नाही तो? जिन्याच्या गोष्टीत हा प्रश्न उद्भवतच नाही. आमच्या मते दोघेही. राष्ट्रीय संघात न खेळणं हीसुद्धा राष्ट्रावरची निष्ठा असू शकते.

पुढच्या वर्षी भारतातली पहिली कसोटी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथांनी तिथे भारताचं पहिलं कसोटी शतक केलं, ११८. ज्या क्लबात भारतीयाला सभासद होता येत नव्हतं, त्याच्या मैदानावर.

आणि मग १९४७. रथ मधोमध चिरला. निसार पाकिस्तानात गेले. १९४६ साली भारतासाठी खेळलेले अब्दुल हफीझ कारदार १९५२ साली दिल्लीला आले ते पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले. नागसेनानं विचारलं असतं, आता सांगा, रथ कुठला?

पगार, गिरणी आणि माग

आता १९७१. आम्ही तेव्हा एम.ए.ला होतो. ओव्हलच्या सामन्याचं समालोचन एका हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलं, एका कपात दोन तास काढले. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये संपलं. २४ ऑगस्टला आबिद अलीनं चौकार मारला आणि हॉटेलमालकानं कुणाकडून पैसे घेतले नाहीत. त्या संघात वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर होते, तसेच इंजिनिअर, आबिद अली, बेदी, विश्वनाथ, वेंकटराघवनही होते. त्या दिवशी ‘आपण’ हा शब्द बराच पसरला होता.

पण हा संघ आला कुठून? नुसत्या प्रतिभेतून नाही. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला. गावसकर निरलॉनमध्ये. एकनाथ सोलकर मफतलालमध्ये. बँका, गिरण्या, कंपन्या खेळाडूला पगार देत, सरावाला सुट्टी देत आणि टाइम्स ढाल स्पर्धेत एकमेकींशी भिडत. पावसाळ्यात चिखलातली कांगा लीग. शाळांत हॅरिस ढाल. मुंबईनं १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला, तो या जाळ्याच्या जोरावर. सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या मैदान सांभाळणाऱ्याचे चिरंजीव, तिथल्याच झोपडीत वाढलेले. ज्या जिमखान्याच्या संघाचं नेतृत्व बाळूंना मिळालं नाही, तिथल्या माळ्याचा मुलगा भारताचा सर्वोत्तम जवळचा क्षेत्ररक्षक झाला. २७ कसोटींत ५३ झेल. हे आपोआप झालं नाही. मधे एक पगार होता, एक मैदान होतं.

हे भिवंडीत सांगायचं एक कारण आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापड मात्र थांबलं नाही, ते इथे आलं. यंत्रमाग वाढले. आता प्रश्न विचारा : गिरणीबरोबर कापड आलं, पण गिरणीचा क्रिकेट संघ आला का? गिरणीचं मैदान, वाचनालय, आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, यातलं काय आलं? बारा बारा तास मागावर उभ्या असलेल्या, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेल्या पोराला कुठला सराव? तो रात्री गोदामाच्या पुढच्या मोकळ्या जागेत, दिव्याच्या खांबाखाली टेनिस चेंडूनं खेळतो. आपल्या आगरी गावांतल्या टेनिस स्पर्धा बघा, काय एक एक फलंदाज असतो! चेंडू पार शेतात. २०२४ साली ठाण्यात दादोजी कोंडदेव मैदानावर टेनिस चेंडूची व्यावसायिक लीगही सुरू झाली, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण तिथून भारतीय संघाकडे जाणारा रस्ता अजून फार अरुंद आहे. ‘भारताकडे प्रतिभेची खाण आहे’ हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो. खाणीत किती जण गाडलेले राहतात, त्याचा हिशेब त्या वाक्यात नसतो.

संघ कायद्यानं कुणाचा?

१९८३. २५ जून, पुन्हा लॉर्ड्स, पुन्हा तीच तारीख. १८३ धावा, वेस्ट इंडिज १४०. त्या वेळी क्रिकेट मंडळाकडे बक्षीस द्यायला पुरेसे पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना पैसे मिळाले. आज आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये झाली. चाळीस वर्षांत असं काय बदललं? खेळ तोच आहे. बदललं ते एवढंच, की ‘आपण’ विकता येतो हे कळलं. प्रक्षेपण कंपनी बॅट-बॉल विकत घेत नाही. ती तुमचं-आमचं ‘आपण’पण घेते आणि जाहिरातदाराला विकते.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्याच खटल्यात सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००५ साली त्याच न्यायालयानं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं निकाल दिला की क्रिकेट मंडळ हे घटनेच्या १२ व्या कलमाच्या अर्थानं ‘राज्यसंस्था’ नाही. पुढे २०१५ साली न्यायालयानं म्हटलं की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून त्याला जाब विचारता येतो. म्हणजे ज्या संघासाठी आपण ऊर बडवतो, तो निवडणारी संस्था नोंदणीनं खासगी आणि कामानं सार्वजनिक. भावना आपली, संघ त्यांचा. हे चूकच आहे असं आमचं म्हणणं नाही. सरकारी खात्यानं संघ निवडला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही! पण ‘आपला संघ’ म्हणताना हे ठाऊक असावं.

निम्मे लोक कुठे होते?

जिन्याच्या गोष्टीत आणखी एक भलं मोठं भगदाड आहे. इतका वेळ आम्ही ‘संघ’ म्हणालो आणि तुमच्यापैकी कुणालाही खटकलं नाही, की हा फक्त पुरुषांचा संघ आहे. आम्हालाही तयारी करताना उशिराच खटकलं.

१९७३ साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ साली शांता रंगस्वामींच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजशी पहिली कसोटी. पुरुषांना पहिला कसोटी विजय मिळवायला वीस वर्षं लागली. बायकांनी तो त्याच पहिल्या मालिकेत, पाटण्याला मिळवला. डायना एडलजींसारख्या कितीतरी खेळाडूंना रेल्वेनं नोकरी दिली. सोलकरांना जे मफतलाल होतं, ते यांना रेल्वे. २००६ साली महिलांची संघटना मंडळात विलीन झाली. समान सामना-मानधनाची घोषणा व्हायला २०२२ उजाडलं.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ला, इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर नवी मुंबईत, हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सलामीला स्मृती मानधना, हजाऱ्यांच्याच सांगलीत वाढलेली. त्याआधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. १९४३ साली ती ‘इतर’ संघात गेली असती, खरं तर बाई म्हणून तिथेही गेली नसती. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांत केवढी मजल! आम्ही त्या रात्री डोळे पुसले, हे सांगायला संकोच नाही. पण सामन्यानंतर तिनं आपल्या श्रद्धेचा उल्लेख केला, तर त्यावरून समाजमाध्यमांवर शेरेबाजी झालीच. ‘इतर’ हा शब्द धावफलकावरून गेला, जिभेवरून अजून गेलेला नाही.

भिवंडीतून बघताना

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं मांडलं.

आपल्या शहरानं १९७० पाहिलं, १९८४ पाहिलं. त्याबद्दल आज बोलणार नाही. आमचा एक जुना विद्यार्थी आहे, इथल्याच मोहल्ल्यातला, आता मुलाबाळांचा बाप आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो भेटला. म्हणाला, ‘सर, तुम्ही जिंकल्यावर एकदा ओरडता. आम्हाला दोनदा ओरडावं लागतं. एकदा आनंदानं आणि एकदा तुम्हाला ऐकू यावं म्हणून.’

आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. या वाक्याला उत्तर सापडलं नाही.

‘आपण’ या शब्दाची हीच कसोटी आहे. जो ‘आपण’ म्हणताना कुणाला परवानगी घ्यावी लागते, पुरावा द्यावा लागतो, तो ‘आपण’ नव्हे. तो ‘आम्ही’च, फक्त मोठ्या आवाजातला. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईला भारत पाकिस्तानकडून १० गडी राखून हरला. अकराही जण हरले होते. शिव्या महंमद शमीला जास्त पडल्या. कर्णधार कोहली त्यानंतर जाहीरपणे शमीच्या बाजूनं उभा राहिला, ही त्या संघाच्या इतिहासातली आमच्या मते एक मोठी खेळी आहे. तिची नोंद धावफलकात होत नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘सर, खेळाला खेळ राहू द्या, यात राजकारण कशाला?’ आम्हालाही तेच हवंय. पण बाळूंच्या हातात वेगळा कप देणारेही खेळात राजकारण आणत नव्हते, त्यांच्या मते ती फक्त रीत होती. जी गोष्ट आपल्याला टोचत नाही तिला आपण रीत म्हणतो, आणि ज्याला टोचते तो बोलला की त्याला राजकारण म्हणतो.

मग निष्कर्ष काय? क्रिकेट संघानं देश एक केला, हे आम्हाला मान्य नाही. संघ एवढं मोठं काम करू शकत नाही. पण क्रिकेट ही नुसती अफूची गोळी आहे, हेही मान्य नाही. १९४३ चा ‘इतर’ १९५२ चा कर्णधार झाला, माळ्याचा मुलगा ओव्हलवर झेल घेऊन गेला, श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, पुण्यातल्या तीन संघांचं बीज नवी मुंबईत फळाला आलं, या घडलेल्या गोष्टी आहेत. त्या कुणी तरी भांडून, नोकरी देऊन, मैदान राखून, बहिष्कार घालून घडवल्या. आपोआप त्यातलं काहीच झालं नाही आणि टिकेलही आपोआप नाही.

शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला, तो इथे नोंदवतो, कारण हे नंतर वाचणाऱ्यांनाही तो पडेल. एका मुलानं विचारलं, ‘सर, मग आता मॅच बघायची तरी कशी?’

बघायची, अगदी मोठ्यानं ओरडत बघायची. फक्त एकट्यानं मोबाइलवर बघू नका. टपरीवर, चार वेगवेगळ्या माणसांत उभं राहून बघा. आणि ‘आपण जिंकलो’ म्हणताना शेजारच्याकडे बघा. तो एकदाच ओरडून थांबला, तर समजा आपण खरंच जिंकलो.

पुढच्या महिन्यात पुन्हा चार्वाकाकडे वळू.